दिनविशेष : ७ ऑगस्ट – ॲलन पेज यांचा जन्म

अमेरिकेतील ओहायो राज्याच्या कँटन नगरात १९४५ साली आजच्या दिवशी जन्मलेल्या ॲलन पेज यांनी विद्यार्थिदशेत ज्या इमारतीच्या पायाभरणीवर मजुरी केली, त्याच अमेरिकन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात १९८८ साली त्यांची सन्मानपूर्वक प्रतिष्ठापना झाली. हा योग कादंबरीकाराने जुळविला असता, तर आपण त्यास अतिरंजित म्हटले असते. नोत्र दाम विद्यापीठातून १९६७ मध्ये मिनेसोटा वायकिंग्ज संघात दाखल झालेले पेज बचावफळीच्या मध्यभागी, ‘डिफेन्सिव्ह टॅकल’च्या जागी खेळत, चेंडू हलताक्षणीच समोरच्या धिप्पाड गड्यांमधील फटीतून मुसंडी मारून थेट क्वार्टरबॅकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या चढाईच्या सूत्रधाराला, गाठीत, आणि या चपळाईमुळेच सर्वोत्तम खेळाडूचा जो किताब तोवर आक्रमकांची मिरास समजला जाई, तो १९७१ साली प्रथमच एका बचावपटूच्या पदरी पडला. सुपर बोलने, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातील विजयाने, मात्र संघाला चारही वेळा हुलकावणी दिली.

पुढे लांब पल्ल्याच्या धावण्याच्या नादाने वजन घटले, तेव्हा १९७८ मध्ये वायकिंग्जनी त्यांना नारळ दिला. शिकागो बेअर्सनी अवघ्या १०० डॉलरांत त्यांना पदरी घेतले आणि हा सौदा बेअर्सच्या चांगलाच पथ्यावर पडला. त्याच वर्षी, खेळता खेळताच, पेज यांनी कायद्याची पदवी संपादन केली होती. १९९२ साली मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आलेले हे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती गळ्यात बो-टाय बांधून २०१५ पर्यंत, म्हणजे सत्तरीच्या सक्तीच्या निवृत्तीपर्यंत, न्यायदान करीत राहिले.