कामठीच्या वाटेवरची मास्तरीण

आजीच्या गोष्टींत सन कधी नसायचा. ‘पलेगाच्या साली’, ‘पूर आला तवा’ एवढंच. जाईबाई चौधरींची गोष्ट ती थेट रस्त्यावरून सुरू करी. “डोक्शावर वझं घेऊन नागपुराहून कामठीले पायी जाये ते बाई. अन् मंग मास्तरीण झाली.”

हे ‘अन् मंग’ आजी एका दमात ओलांडायची. जाईबाई १८९२ सालच्या, मूळच्या उमरेडच्या. दुष्काळानं घर नागपुरात आलं, नवव्या वर्षी लग्न झालं. लिहिता-वाचता येत होतं तरी पोटासाठी हमाली सुटली नाही. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना चार रुपये महिन्यावर शाळेत शिकवायला घेतलं. मग शिकवणारी महाराची आहे हे कळलं, पालक बिथरले, नोकरी गेली. १९२२ साली जाईबाईंनी स्वतःचीच शाळा काढली, मुलींची. नाव संत चोखामेळा.

त्याआधी, १९०७ मध्ये, मोहप्याच्या किसन फागूजी बनसोडेंनी नागपुरातल्याच पाचपावलीत मुलींची शाळा काढली होती, तीही चोखामेळ्याच्याच नावानं. देवळाच्या पायरीशीच थांबवलेल्या संताचं नाव शाळेच्या दारावर! काहींना त्यात भक्ती दिसते, मला सणसणीत टोमणा ऐकू येतो.

आजी कुठल्याच शाळेत गेली नाही. तिची आई एम्प्रेस मिलमध्ये कामाला, धाकटी भावंडं आजीच्या कडेवर. चुलतबहीण शाळेत जायची. तिच्याकडून आजी सही तेवढी शिकली आणि रेशनच्या दुकानात ती झोकात करायची.

मास्तरीण झाल्यावरही जाईबाईंचं पान वेगळंच मांडलं गेलं. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषद नागपुरात भरली, तेव्हा जेवायला अस्पृश्य बायकांना निराळं बसवलं. शिकल्या-सवरल्या, सुधारक म्हणवणाऱ्या बायकांची ती परिषद! पण निराळ्या बसवलेल्या बायका गप्प बसल्या नाहीत. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी निषेधाची सभा घेतली.

पुढे जुलै १९४२ मध्ये याच शहरात दलित महिलांची परिषद झाली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. मुलींसाठी वसतिगृहं हवीत, घटस्फोटाचा हक्क हवा, अशा ठरावांबरोबर आणखी एक मागणी होती: गिरण्यांत बायकांच्या कामावर देखरेखीला बाईच नेमा. ठराव मांडायला अक्षरओळख झालेल्या बायका लागल्या; पण ही मागणी आजीच्या आईसारख्यांची, मिलच्या भोंग्यावर धावणाऱ्यांची होती.