पहिला अन्वय आणि तिसरा अन्वय

इंग्रजी वाक्यातील चूक शोधायला लावणाऱ्या प्रश्नांत कर्ता-क्रियापदाचा मेळ आणि संबंधी सर्वनाम ही दोन प्रकरणे नेहमी जोडीने येतात, आणि या जोडीचा उगम इंग्रजीत नसून लॅटिनमध्ये आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या शाळांना राजाज्ञेने लावलेल्या विल्यम लिलीच्या लॅटिन व्याकरणात तीन अन्वय, म्हणजे वाक्यातील दोन पदांनी एकमेकांशी जुळते रूप घेण्याचे तीन प्रकार, सांगितलेले होते : पहिला कर्त्याचा क्रियापदाशी, दुसरा विशेष्याचा विशेषणाशी आणि तिसरा संबंधी सर्वनामाचा त्याच्या पूर्वपदाशी, म्हणजे ज्या नामाबद्दल ते सर्वनाम बोलते त्या नामाशी. इंग्रजी विशेषण लिंगवचनानुसार बदलत नसल्यामुळे दुसरा अन्वय इंग्रजी व्याकरणात जवळजवळ निकामी ठरला. पहिला आणि तिसरा मात्र शिल्लक राहिले.

चुकीचे वाक्य मुद्दाम समोर ठेवून ते दुरुस्त करायला लावण्याची पद्धत त्यानंतरची आहे. न्यूकॅसलच्या ॲन फिशर या शिक्षिकेने अठराव्या शतकाच्या मध्यावर आपल्या व्याकरणात अशुद्ध वाक्यांचे पाठ घातले आणि १७६२ साली रॉबर्ट लौथने तर नामांकित इंग्रज लेखकांचीच वाक्ये चुकांचे नमुने म्हणून आपल्या व्याकरणाच्या तळटिपांत मांडली. या पद्धतीला घरोघरी नेले ते लिंडली मरेने. अमेरिकेतील वकिली सोडून यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या या गृहस्थाने १७९५ साली तेथील क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेसाठी व्याकरण लिहिले आणि दोनच वर्षांनी त्याला जोडून अभ्यासपुस्तक काढले, ज्यात पानेच्या पाने केवळ बिघडलेल्या वाक्यांची आहेत. त्याच्या वाक्यरचना-प्रकरणातला पहिलाच नियम कर्ता-क्रियापदाच्या मेळाचा आहे, म्हणजे लिलीचा क्रम येथेही सुटलेला नाही.

मरेचे व्याकरण मुंबईत इंग्रजी शिकणाऱ्यांच्या हाती पडले आणि १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण लिहिले, तेव्हा त्यांच्यासमोर आराखडा होता तो मुख्यतः याच पुस्तकाचा. मराठीचे अंग मात्र त्या साच्यात सहजी मावणारे नव्हते. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ या वाक्यांत कर्ता एकच असूनही क्रियापद कर्माच्या मागे जाते. यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात, आणि ‘रामाने रावणाला मारले’ या भावे प्रयोगात तर ते कोणाच्याच मागे न जाता नपुंसकलिंगी एकवचनात राहते. ‘क्रियापदाने कर्त्याशी जुळावे’ हा मरेचा पहिला नियम मराठीत पहिल्याच पानावर अडखळतो, आणि तो कोठे लागू पडतो व कोठे पडत नाही याचा ऊहापोह मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत चालू राहिला.

हा इतिहास महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतही पोचला; छत्तीसगडातील रायपूरचा त्याच्याशी संबंध दुहेरी आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात मराठी कारभारी आणि कारकून कुटुंबे छत्तीसगडात आली. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षक ॲग्न्यूने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, १८५४ साली राज्य खालसा झाले, आणि दप्तराची भाषा बदलली तशी इंग्रजी ही नोकरीची पहिली पायरी बनली. दुसरा धागा व्याकरणलेखनाचाच आहे. धमतरीला शिक्षक असलेल्या हिरालाल काव्योपाध्यायांनी १८८५ साली छत्तीसगढीचे व्याकरण रचले, ज्याचा भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने केलेला इंग्रजी अनुवाद १८९० साली प्रसिद्ध झाला. तर कामताप्रसाद गुरूंनी १९२० सालच्या आपल्या हिंदी व्याकरणाची मांडणी बव्हंशी दामल्यांच्या मराठी ग्रंथाच्या धर्तीवर केली. रायपूरच्या मराठी घरातला मुलगा शाळेत हिंदी व्याकरण शिकला तरी त्याच्या मागे दामले उभे होते, ही गोष्ट व्याकरणाच्या अभ्यासकांबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसते.

अशुद्ध वाक्यांची परंपरा भारतात पुढे नेली ती नेसफील्डने आणि त्यानंतर रेन व मार्टिन या जोडीने. वायव्य प्रांताच्या शिक्षण खात्यातल्या नेसफील्डची पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाळांत रुजली, तर पी. सी. रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेला आणि ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे जगभर नाव झालेला लेखक. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, पुढे कर्मचारी निवड आयोग आला, आणि लाखो उमेदवार तपासायचे म्हटल्यावर निबंध मागे पडून पर्यायी उत्तरांचा प्रश्न पुढे आला. वाक्याचे तीन-चार तुकडे करून चुकीचा तुकडा ओळखायला सांगणे आणि ‘चूक नाही’ असा एक पर्याय शेवटी ठेवणे, हे मरेच्या पाठाचेच यंत्राने तपासता येईल असे रूप होय.  

या प्रश्नांतला एक ठरीव नमुना पाहण्यासारखा आहे : ‘वन ऑफ द बॉईज / हू वॉज प्लेइंग देअर / हॅज फॉलन’. येथे ‘हॅज’ बरोबर आहे, कारण मुख्य वाक्याचा कर्ता ‘वन’ हा एकवचनी आहे. चूक ‘वॉज’मध्ये आहे, कारण ‘हू’चे पूर्वपद ‘बॉईज’ हे अनेकवचनी असून त्याला ‘वेअर’ हवे. पहिला आणि तिसरा अन्वय अशा रीतीने एकाच वाक्यात एकमेकांच्या वाटेत उभे केले जातात. मराठीत हीच गोष्ट ‘जे मुलगे तेथे खेळत होते, त्यांपैकी एक पडला’ अशी सांगितली की चुकायला जागाच उरत नाही, कारण ‘जे’ आपले नाम शेजारी घेऊन येते आणि ‘त्यां’ त्याचे वचन पुन्हा सांगून जाते. इंग्रजीत ‘हू’चे रूप वचनानुसार बदलत नाही, म्हणून उमेदवाराला मागे वळून नाम शोधावे लागते.

पहिल्या अन्वयात मात्र घरची भाषा इतकी मदत करत नाही. मराठी ‘मी जातो’ आणि ‘तो जातो’ यांत क्रियापद एकच असून शेवटचा ‘स’ येतो तो ‘तू जातोस’मध्ये; इंग्रजीत तोच ‘स’ तृतीयपुरुषी एकवचनाला चिकटतो. छत्तीसगढी बोलणाऱ्याची स्थिती निराळी आहे. त्याच्या भाषेत ‘ने’ची रचना नाही, ‘मैं आमा खाएंव’ आणि ‘मैं रोटी खाएंव’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. म्हणजे मरेच्या पहिल्या नियमाशी शेजारच्या बाकावरचा छत्तीसगढी मुलगा जन्मतःच अधिक परिचित असतो. पण शाळा त्याला हिंदीतून ‘मैंने रोटी खाई’ शिकवते, आणि इंग्रजीच्या तासाला कर्त्याच्या मागे जाणारे क्रियापद नवा नियम म्हणून त्याच्यासमोर मांडले जाते.