चिमटा आणि चाकबदल (मोटारसायकल)

चिमटा म्हणजे मोटारसायकलचे मागचे चाक चेसीला जोडणारा, चाकाबरोबर वरखाली झुलणारा भाग. कागदोपत्री नाव स्विंगआर्म. पण चाकाला दोन्ही बाजूंनी धरतो म्हणून गॅरेजात तो चिमटाच. त्याचे पुढचे टोक इंजिनामागे बुशांवर फिरते, मागच्या टोकात ॲक्सल बसतो आणि भार शॉकअप झेलतात. गाडी मॉडिफाय करायला निघालेल्याचा डोळा सहसा रुंद टायरवर असतो. खर्च मात्र चिमट्यातून निघतो.

चिमटा येण्याआधी बहुतेक गाड्यांचे मागचे चाक चेसीला घट्ट जखडलेले असे. हादरे सोसायचे ते सीटखालच्या स्प्रिंगांनी आणि स्वाराच्या कंबरेने. 1949 मध्ये ब्रिटनमध्ये विकायला आलेल्या रॉयल एनफील्ड बुलेटला चिमटा आणि तेलाचे शॉकअप होते, त्या काळी हे नवलच. पुढच्याच वर्षी बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंच्या फेदरबेड या चिमटावाल्या चेसीवर नॉर्टनने आयल ऑफ मॅनची शर्यत मारली. 1973 मध्ये यामाहाने दोनऐवजी एकाच शॉकअपवर 250 सीसीचे मोटोक्रॉस जगज्जेतेपद मिळवले. 1994 च्या डुकाटी 916 ने तर चाक एकाच बाजूने धरले. तिथे चिमटा हे नाव उगाच चिकटून राहिले आहे, इतकेच.

जुन्या 350 बुलेटचे मागचे टायर 3.25-19, म्हणजे जेमतेम 83 मिमी रुंद. तिथे 150 मिमीचे टायर बसवायचे, तर चेनच्या बाजूला रबर 33-34 मिमी जास्त येते आणि चेन टायरला घासते. मग चिमटा रुंद हवा. मागचे स्प्रॉकेट बाहेर घ्यायचे, तर पुढचेही तितकेच बाहेर यायला हवे, आणि तसे केले की गिअरबॉक्सच्या शाफ्टवर ताण वाढतो. हे टाळून चेन तिरकी सोडणारेही आहेत. तिरकी चेन आधी दात खाते, मग स्वतः संपते.

म्हणून अनेकांना चाकणला बनणाऱ्या केटीएम 200 ड्यूकचा चिमटा चाकासकट उचलण्याचा मोह होतो: टायर 150/60-17 आणि त्याला साजेशी रुंद रिम आयतीच मिळते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवले तर ते आवळले जाते, माथा उंच गोल होतो आणि रुंदीचा फायदा राहतच नाही. पण उसना चिमटा जसाच्या तसा बसत नाही. लेथवर नवे बुश काढावे लागतात, शॉकअपचे कान नव्याने वेल्ड करावे लागतात. वेल्डिंगच्या कडेचा तापलेला पट्टा हेच पुढे तडा जाण्याचे ठिकाण.

चिमटा लांब केला की चाकांमधले अंतर वाढते. ड्रॅग शर्यतीत पुढचे चाक उचलू नये म्हणून हे मुद्दाम करतात. घाटाच्या वळणात तीच गाडी आळशी वाटते. शिवाय शॉकअप जागच्या जागी ठेवून 450 मिमीचा चिमटा 500 मिमी केला, तर चाकाला जाणवणारी स्प्रिंग सुमारे 19 टक्के मऊ पडते. स्प्रिंग बदलली नसेल, तर डबलसीट बसताच चाक मडगार्डला लागते.

पुढच्या चाकाचे गणित वेगळे. 90/90-19 काढून 110/70-17 घातले की व्यास सुमारे 645 मिमीवरून 586 वर येतो आणि गाडीचे नाक 29-30 मिमी खाली बसते. हँडल हलके होते, वेगात कधी अस्वस्थही. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावरून येत असेल, तर खऱ्या 60 ला काटा 66 दाखवतो. तारांच्या चाकाऐवजी मॅग व्हील घेण्यामागे दिसण्याइतकेच ट्यूबलेस टायरचे कारण असते. तारांच्या रिमचा मात्र औट काढता येतो, पिचकलेल्या मॅगचे तसे नाही.

भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आड येते: नोंदणीतला तपशील कंपनीच्या मापांपेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. आरसीत व्हीलबेसचा आकडाही असतो.

जोडणी झाल्यावर कसोटी दोऱ्याची. मागच्या टायरच्या पाठीवर दोरा मधोमध अडकवून दोन्ही टोके पुढे ताणतात. मागच्या टायरच्या दोन्ही कडांना तो लागला पाहिजे आणि पुढच्या अरुंद टायरपाशी डाव्या-उजव्या फटी सारख्या दिसल्या पाहिजेत. नंतर मेकॅनिक गाडी स्टँडवर चढवून चाक दोन्ही हातांनी आडवे हलवतो. खट्ट वाजले, तर चिमट्याचे बुश पुन्हा उघडायचे.