लोण्याच्या घडीचे पाव

नोव्हेंबरातील चौथ्या गुरुवारी अमेरिकेत 'थँक्सगिव्हिंग'चा सण येतो. त्या दिवशीच्या जेवणात लोणी माखलेले मऊ पाव हवेत आणि ते घरीच भाजलेले हवेत, असा पुष्कळ कुटुंबांचा आग्रह असतो. हा आजीच्या हातचा पुरातन वारसा असावा, असे आम्हीही समजत होतो. पण मूळ शोधू जाता आम्ही घरच्या चुलीपाशी नव्हे, तर एका हॉटेलाच्या दारात जाऊन पोहोचलो.

हार्वे पार्कर यांनी १८५५ साली बोस्टन येथे 'पार्कर हाउस' काढले. तेथील भटारखान्यात १८७० नंतरच्या दशकात हा पाव नावारूपास आला. दूध-लोण्यात मळलेल्या पिठाच्या गोल चकत्या कापायच्या, वर लोणी लावायचे आणि अर्ध्यात दुमडायच्या. सारी खुबी या घडीत. रागावलेल्या भटाऱ्याने पीठ तसेच भट्टीत भिरकावले, ही दंतकथा आम्हांस पटत नाही. रागात इतकी नीट घडी कोण घालील?

पूर्वी तिकडील गृहिणी हॉप्स व बटाटे उकळून खमीर घरीच धरीत. ते केव्हा बिघडेल याचा नेम नसे. आपल्या गोव्याचा पोदेर माडाच्या सुरेने पीठ फुगवी, त्यातलाच हा प्रकार. १८६८ साली फ्लाइशमान बंधूंनी सिनसिनाटीत दाबलेल्या खमिराचा कारखाना काढला आणि ही धास्ती हळूहळू ओसरली. १८९६ साली फॅनी फार्मर यांच्या पाकपुस्तकात या पावाची कृती मापांसह आली. हॉटेलाची घडी, कारखान्याचे खमीर, छापील माप! तरी पाव 'घरचे'च ठरले. नाव मात्र अद्यापि हॉटेलाचेच आहे.