रोममध्ये गुलामाचा मुलगा सम्राट झाला, पुण्यात पेशव्याच्या मुलाची मुंज झाली नाही

शिरूर तालुक्यातले पाबळ म्हटले की लोकांना मस्तानीची कबर आठवते. त्याच तालुक्यातल्या कोरेगाव भीमाला १ जानेवारीला लाखो लोक येतात. या दोन्ही ठिकाणी पेशवाईचा इतिहास गाडलेला आहे. पण आज मला पाबळवरून थेट रोमला जायचे आहे. कारण हल्ली आपल्याकडे एक फुशारकी फार ऐकू येते, की रोमचे सम्राट आपल्यापुढे सोन्याची थैली रिकामी करत होते, म्हणजेच आपली समाजव्यवस्था जगात श्रेष्ठ होती.

यातला पहिला भाग खरा आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मेलेल्या प्लिनीने तक्रार लिहून ठेवली आहे की हिंदुस्थान दरवर्षी रोमन साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. मिरी, मलमल, हस्तिदंत, रत्ने, असा तो व्यापार होता. त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तशाच घडणीच्या मूर्ती आपल्या मराठवाड्यात तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती निघाली. सोपारा आणि कल्याणला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला येई आणि पुढे पैठण, तेरकडे जाई. पाबळहून राजगुरुनगर, नारायणगाव करत गेले की जुन्नर येते. म्हणजे हा काही परक्या मुलखाचा इतिहास नाही, आपल्या घराशेजारचा आहे.

पण थैली रिकामी झाली ती कोणाच्या पदरात? आणि ज्या व्यवस्थेला आपण श्रेष्ठ म्हणतो तिच्यात खालच्या माणसाला वर येण्याचा रस्ता होता का? हे विचारले की फुशारकी मारणारे गप्प होतात.

आधी रोमचा हिशोब करू, आणि तो प्रामाणिकपणे करू. रोम हे गुलामांच्या घामावर उभे होते. इ.स. ६१ मध्ये, नीरोच्या काळात, पेडानियस सेकुंडस नावाच्या नगरप्रमुखाला त्याच्याच एका गुलामाने ठार केले. जुना कायदा असा की मालकाचा खून झाला तर घरातले सगळे गुलाम मारायचे. त्या घरात ४०० गुलाम होते, बायका आणि मुलेसुद्धा. रोमची सामान्य जनता रस्त्यावर उतरली, निरपराधांना मारू नका म्हणाली. नीरोने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सैन्य उभे केले आणि चारशेही जणांना मारले. असल्या साम्राज्याची आरती ओवाळायचे मला कारण नाही.

तरी फरक पाहा. जनता गुलामांसाठी रस्त्यावर उतरली. आणि पुढचे सम्राट त्या कायद्याला हळूहळू लगाम घालत गेले. नीरोच्याही आधी क्लॉडियसने ठरवले होते की आजारी गुलामाला टाकून दिले आणि तो बरा झाला तर तो स्वतंत्र. हेड्रियनने (इ.स. ११७ ते १३८) मालकाचा गुलामाला ठार मारण्याचा अधिकार काढून न्यायालयाकडे दिला. त्याच्यानंतरच्या अँटोनिनस पायसने स्वतःच्या गुलामाला विनाकारण मारणाऱ्यालाही शिक्षेस पात्र ठरवले. हे सम्राट संत नव्हते. पण कायदा माणसाने केलेला होता, म्हणून माणसाला तो बदलता येत होता. त्यावर कोणत्याही देवाचा शिक्का नव्हता.

दुसरी गोष्ट याहून मोठी. रोमन नागरिकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम नागरिक होई. त्याला स्वतःला मोठी पदे मिळत नसत, पण त्याच्या मुलाला मिळत. ऑगस्टसच्या काळातला कवी होरेस हा मुक्त गुलामाचा मुलगा होता. एपिक्टेटस हा तर स्वतः गुलाम होता, आणि त्याच्या विचारांवर मार्कस ऑरेलियस हा सम्राट वाढला. आपल्याकडे शंबुकाचे काय झाले ते आठवा. आणि इ.स. १९३ मध्ये पर्टिनॅक्स रोमच्या गादीवर बसला. त्याचा बाप मुक्त गुलाम होता, लाकडाचा व्यापार करायचा. तीनच महिन्यांत अंगरक्षक दलाच्या सैनिकांनी पर्टिनॅक्सला मारले, ते त्याने शिस्त लावायला घेतली म्हणून. त्याच्या बापाचा जन्म काही त्याला गादीवर चढण्यापासून रोखू शकला नाही. पुढे २१२ मध्ये काराकालाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिले. कराचा पैसा वाढावा म्हणून दिले असे त्या काळचा इतिहासकार डिओ म्हणतो. असेल. भाऊ गेटाचा खून करून त्याचे नाव शिलालेखांवरून खरवडून काढणारा हा माणूस होता. पण दिले ते नागरिकत्वच.

आता याच शतकांत सह्याद्रीच्या अलीकडे काय चालले होते ते बघा. नाणेघाटाच्या गुहेत राणी नागनिकेचा लेख आहे. त्यात अश्वमेधासारखे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेच्या गायी, घोडे, हत्ती, नाणी यांची यादी आहे. व्यापाराच्या घाटाच्या तोंडावर हा हिशोब कोरलेला आहे, तेव्हा संपत्ती कुठे वळत होती हे वेगळे सांगायला नको. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, स्तुती कोरून घेतली. शक, यवन, पह्लव यांचा संहार केला, क्षहरातांचा वंश संपवला, क्षत्रियांचा गर्व उतरवला, हे सगळे आहेच. त्यातच 'एकबम्हण' हे विशेषण येते आणि पुढे त्याने चार वर्णांचा संकर थांबवला असे अभिमानाने सांगितले आहे. 'एकबम्हण'चा अर्थ काय यावर अभ्यासक भांडतात, भांडोत. वर्णसंकर थांबवला या शब्दांत भांडायला जागा नाही. तिकडे हेड्रियन मालकाचा हात धरत होता, आणि इकडे वर्णांच्या भिंती पक्क्या केल्या ही राजाची थोरवी ठरत होती. द्विजांबरोबर खालच्यांचीही घरे भरभराटीला आणली असे तोच लेख म्हणतो. म्हणजे पोट भरा, पण जागा सोडू नका.

हा लेख आहे कुठे? भिक्खूंना दान दिलेल्या लेण्यात. यज्ञ आणि धम्म दोन्हींना दान देणारे हे राजे होते. क्षहरात नहपानाचा जावई उषवदातही तसाच, ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्याचे सांगतो आणि भिक्खूंच्या चीवरासाठी विणकरांच्या श्रेणीकडे कार्षापणे ठेवतो. १९०६ साली जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारला होता. काराकालाने छिन्नीने केले ते याने ठशाने केले. राजे सगळीकडे सारखेच.

राजांच्या लेखांपेक्षा मला लेण्यांतले बारीक लेख जास्त मोलाचे वाटतात. जुन्नरला धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे दिले. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे तिथे आहेत. आज ज्या बुरुडाला गावाने कडेला बसवले त्याचा धंदा तिथे दगडावर सन्मानाने कोरलेला आहे. इरिल, चिट, चंद हे यवन, म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्या लोकांपैकी, त्यांनी पाण्याची टाकी, भोजनमंडप, चैत्याचे दर्शनी काम दान केले. कार्ल्याला सामिन नावाच्या सुताराचे नाव आहे. खाली अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाचा चर्मकार आपले दान नोंदवतो. यवन, सुतार, चर्मकार यांना एकाच दगडावर जागा देणारी व्यवस्था या देशात होती. ती बुद्धाच्या संघाने उभी केली होती, राजाच्या दरबाराने नव्हे.

बाबासाहेबांनी रोमचा दाखला सहज म्हणून घेतला नव्हता. १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये त्यांनी रोमच्या प्लेबियनांचे उदाहरण दिले. त्यांना कॉन्सल निवडण्याचा हक्क मिळाला, पण देवीचा कौल सांगणारे पुजारी वरच्या वर्गातले, त्यामुळे पुजाऱ्यांना चालेल असाच कॉन्सल टिकायचा. धर्म ज्याच्या हातात, सत्ता त्याच्या हातात. आणि गुलामगिरी व अस्पृश्यता यांची तुलना करताना त्यांनी दाखवले की रोमचा गुलाम शिक्षक होता, हिशेबनीस होता, कारागीर होता. कायद्याने तो वस्तू होता, पण त्याला शिकवण्यात मालकाचा फायदा होता आणि त्याच्या स्पर्शाने कोणी बाटत नव्हते. अस्पृश्य कायद्याने कोणाचाच गुलाम नव्हता, म्हणून त्याला जगवण्याची जबाबदारीही कोणाची नव्हती.

आता परत पाबळला या. पहिला बाजीराव, ज्याच्या घोड्यांच्या टापा दिल्लीपर्यंत वाजल्या. त्याने मस्तानीला गावे दिली, त्यात पाबळ होते. फौज त्याची, खजिना त्याचा, शिक्का त्याचा. पण मस्तानीच्या पोटी जन्मलेल्या स्वतःच्या मुलाची मुंज त्याला करता आली नाही. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने नकार दिला असे इतिहासकार नोंदवतात. तो मुलगा समशेर बहाद्दर म्हणून, मुसलमान म्हणून वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर याच पेशव्यांसाठी लढून जखमांनी मेला. ज्या सत्तेचा मालक स्वतःच्या लेकाला आपल्या पंगतीत बसवू शकला नाही, त्या सत्तेत महाराच्या लेकाचे काय होत असेल, हे कोरेगावच्या स्तंभाला विचारा.

१७४० साली आधी बाजीराव गेला, मागोमाग मस्तानी. तिची कबर पाबळला आहे.