उष्टावणाची वाटी

आमच्या घरात चांदीची एक लहान वाटी आहे. चार पिढ्यांची उष्टावणे तिच्यात झाली. मामाने बाळाला मांडीवर घ्यायचे, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून जिभेला लावायची, एवढाच सोहळा. खरे काम दुसऱ्या दिवसापासून, आणि ते आजीचे.

आजी नाचणे रात्रभर भिजवी, फडक्यात घट्ट बांधून मोड आणी, सावलीत वाळवून मंद आचेवर भाजून घेई आणि जात्यावर दळून वस्त्रगाळ करी. शेजारच्या अव्वाही हेच करीत. त्यांच्याकडे त्याला ‘रागी सरी’ म्हणत. १९५६ नंतर सीमेचा वाद पेटला, तेव्हाही सत्त्वाच्या पुरचुंड्या परड्याच्या भिंतीवरून येत-जात होत्याच!

सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात बाळाला हलके, हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे. काश्यपसंहिता सहाव्या महिन्यात फळ सुचवते आणि अन्नासाठी दहाव्यापर्यंत थांबते. म्हणजे मतभेद तेव्हाही होते.

मग डबे आले. १९६२ साली माझी धाकटी बहीण झाली. एका डॉक्टरांनी चौथ्या महिन्यातच भुकटीचे दूध लिहून दिले. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र होते. वडिलांच्या पगारात डबा महिनाभर पुरायला हवा, म्हणून चार चमच्यांच्या जागी दोन पडू लागले. पाणी आडाचे, बाटली एकच. त्या पावसाळ्यात तिला जुलाब लागले आणि ती गेली. दोष पातळ दुधाचा की पाण्याचा, आज कसे सांगणार? दोन्हींचा असावा. आईने पुढे तो रिकामा डबा मोहरीसाठी वापरला. टाकला मात्र नाही.

हे आमच्याच घरी घडले असे नव्हे. सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी १९३९ मध्ये सिंगापूरला ‘दूध आणि खून’ अशा मथळ्याचे भाषण करून हाच धोका सांगितला होता. जागतिक आरोग्य संघटनेची आचारसंहिता यायला १९८१ उजाडले, आपला कायदा १९९२ चा. त्याने भुकटीच्या दुधाची जाहिरात थांबवली आणि डब्यावरचे बाळाचे चित्रही काढायला लावले. पण वरचे अन्न त्या कायद्यातही ‘चार महिन्यांनंतर’ असेच होते. २००१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने केवळ आईचे दूध, असे ठरवले आणि २००३ मध्ये आपल्या कायद्यातही चाराचे सहा झाले. सुश्रुताचा सहावा महिना आणि आजचे सहा महिने पूर्ण, यांत थोडा फरक आहे; तो मान्य.

मधल्या काळात प्रयोगशाळा स्वयंपाकघराकडे वळल्या होत्या, आणि त्याही मराठी माणसांच्या ओळखीच्या गावांत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी सांगत होते, की आपल्या मुलांना मुख्यतः कमी पडते ते पोटभर अन्नच. तिथले ‘हैदराबाद मिक्स’ म्हणजे भाजलेले गहू, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात डॉ. तारा गोपालदास यांनी मोडाच्या पिठाचा अभ्यास केला. पीठ शिजले की पाणी शोषून फुगते. घट्ट खीर बाळाला गिळवत नाही. पातळ केली तर इवल्याशा पोटात पाणीच जास्त जाते. मोड आलेल्या धान्यात स्टार्च तोडणारे अमायलेज तयार होते. अशा पिठाची चिमूट घट्ट खिरीत पडली की ती पातळ होते, अन्न मात्र तेवढेच राहते. आजीला अमायलेज ठाऊक नव्हते. ती म्हणे, “मोडानं सत्त्व हलकं होतं.” शिवाय शंभर ग्रॅम नाचण्यात सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात दहाच्या आसपास.

आजीचे सगळेच बरोबर होते असे मात्र नाही. बाळंतिणीचे पहिले पिवळसर दूध, चीक, ती पिळून टाकायला लावी आणि बाळाला गुळाचे पाणी चाटवी. जुलाब झाले की अन्न बंद! बहिणीच्या आजारातही तेच झाले होते, हे आईने मला फार उशिरा सांगितले.

गेल्या वर्षी नातीचे उष्टावण झाले. जाते आता अंगणात तुळशीपाशी पडून आहे. मोडाचे नाचणे घेऊन मीच गिरणीवर गेलो. गिरणीवाल्याने पिशवीत हात घालून पाहिले आणि विचारले, “लेकराचं काय? मग थांबा, मिरचीचं दळण झालंय आत्ता. आधी मूठभर तांदूळ फिरवतो.”