रमण्यातली रांग : दक्षिणा, बक्षीस आणि आपले वार्षिक पुरस्कार

दरवर्षी आपल्या शहरात मराठी मंडळांचे पुरस्कार होतात. शाल, श्रीफळ, मानपत्र, दोन भाषणं, मग अल्पोपहार. कुणाला मिळाला याची चर्चा आठवडाभर चालते. यादी कुणी केली, कशी केली, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी इंजिनिअर माणूस. यंत्र बघितलं की आधी त्याची रचना बघायची सवय. म्हणून या पुरस्काराच्या यंत्राचा एक जुना नमुना उघडून बघू. त्याचा एक धागा आपल्या बडोद्यापाशीच आहे.

तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. 1 एप्रिल 1731 रोजी डभोईजवळ, भिलापूरच्या बाजूला लढाई झाली. तिथे त्यांचे चिरंजीव त्रिंबकराव थोरल्या बाजीरावाशी लढताना पडले. पिलाजी गायकवाड त्या दिवशी दाभाड्यांच्या बाजूने होते. आज बडोद्याहून तासाभरात डभोई गाठता येतं. त्या मैदानावरच्या निकालानंतर तळेगावची दक्षिणा पुण्याला पेशव्यांकडे गेली.

पुण्यात तिचं रूप प्रचंड वाढलं. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण श्रावणात येऊ लागले. नामांकित शास्त्र्यांची विद्या पाहून त्यांना वेगळी दक्षिणा मिळे. बाकीच्यांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी भिंतीने बंदिस्त केलेला रमणा होता. सगळ्यांना आत घ्यायचं आणि दारातून एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवायची. एकाच माणसाने दोनदा घेऊ नये म्हणून ही युक्ती. व्यवस्था म्हणून ती हुशारीचीच म्हणावी लागेल. पण आत कोण शिरू शकतो हे जन्मावर ठरलेलं होतं. भिंतीचं खरं काम तेच.

1818 मध्ये पेशवाई गेली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम तोडली नाही. खर्च कमी केला आणि त्यातला काही पैसा 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला. 1849 मध्ये पुण्यातल्या तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. मागणी साधी होती. हा पैसा रयतेचा आहे, तेव्हा तो मराठीत उपयोगी ग्रंथ लिहिणाऱ्याला द्यावा, मग तो कुठल्याही जातीचा असो. सनातनी मंडळी खवळली. त्या वेळी जोतीराव फुल्यांनी आपली माणसं घेऊन या तरुणांना संरक्षण दिलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. पुढे 1851 मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी आली. दक्षिणेचं बक्षीस झालं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. 1855 मध्ये फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून याच कमिटीकडे दिलं. ते नाकारलं गेलं. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं त्यांनी 'गुलामगिरी'त नोंदवलं आहे. नाटक छापून यायला पुढे शंभरहून जास्त वर्षं लागली. म्हणजे नियम बदलला होता, दार सर्वांना उघडं होतं. दारात उभी असलेली माणसं तीच होती.

आता बडोदं. इथेही श्रावणमास दक्षिणा होती. सयाजीराव महाराजांच्या काळात ती परीक्षेला जोडली गेली. शास्त्री-वैदिकांनी परीक्षा द्यावी, उत्तीर्ण व्हावं, मग दक्षिणा घ्यावी. पण महाराजांचं मोठं काम या परीक्षेच्या बाहेर आहे. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेलीत सुरू झालं आणि 1906 मध्ये सबंध राज्यात आलं. आणि 1913 मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला परदेशी शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली, तीन वर्षांसाठी. रमण्याच्या भिंतीबाहेरच्या माणसाला दरबाराने स्वतः हात दिला. दक्षिणेच्या दीड-दोनशे वर्षांच्या वाटचालीत हे वळण मला सर्वांत मोलाचं वाटतं.

तरी इथेही पूर्णविराम नाही. 1917 मध्ये तेच डॉक्टर आंबेडकर बडोद्यात नोकरीला परतले. दरबाराने ज्यांची लायकी ओळखली, त्यांना या शहरात राहायला एक खोली मिळाली नाही. कामाठीबागेत बसून त्यांनी काय सोसलं, हे आज संकल्पभूमीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गौरव करणारा एक माणूस होता. शेजार द्यायला गाव तयार नव्हता.

म्हणून आपल्या पुरस्कारांविषयी दोन गोष्टी सुचवतो. एक : नावं मागवण्याची रीत आणि निवड करणाऱ्यांची नावं आधीच जाहीर करावीत, आणि ज्यांची नावं आली पण निवड झाली नाही त्यांचीही नोंद वहीत ठेवावी. पुढच्या काळातल्या इतिहासकाराला विजेत्यांपेक्षा ती वही जास्त सांगेल. दोन : यादी पूर्ण झाली की एकदा विचारावं, यात आपल्या ओळखीबाहेरचं कोण आहे? स्मशानात काम करणारा, पाड्यावर शाळा चालवणारी, रुग्णालयाबाहेर रोज डबे पोचवणारा?

तसं एकही नाव नसेल, तर मंडप कितीही मोठा घातला तरी आपण अजून रमण्यातच उभे आहोत.